लाल पट्टा पूर्वेला, हिरवा पट्टा दक्षिणेला

सेंट ऑगस्टीन, त्रिनिदाद
१४ नोव्हेंबर

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,
शि. सा. नमस्कार. ती. आईला साष्टांग नमस्कार.

तिकिटं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली काढताय हे कळलं, फार बरं वाटलं. महिना अगदी योग्य निवडलात. इथे जून ते डिसेंबर पाऊस, जानेवारी ते मे उघडीप. पुढे ॲश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीच्या सोमवार-मंगळवारी कार्निव्हल येतो. तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनचे रस्ते बंद, राहण्याचे दर दुप्पट आणि गाड्यांचा नेम नाही. गावं बघायची तर त्याआधीच यायला हवं.

सर्वांत आधी लशीचं, कारण ते तिकडूनच करून यायचं आहे. त्रिनिदादहून भारतात परतणाऱ्याकडे यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र असावंच लागतं. नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, कोणत्याही दवाखान्यात टोचून घेतलेली चालत नाही. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं, म्हणून निघायच्या आधी महिनाभर हे काम उरकून टाका. साठी उलटलेल्यांना पहिल्यांदाच ही लस घेताना त्रास होण्याचा धोका जास्त असतो. आईच्या बाबतीत आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोला, अंड्याची ॲलर्जी असल्यास तेही सांगा, आणि मगच तिचं तिकीट काढा. विमान अमेरिकेत बदलणार असेल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आता मुख्य विषय. दादा, तू विचारलंस की मोठी गावं चारच, तर गाडी भाड्यानं घेऊन दोन दिवसांत का होणार नाहीत. नकाशा बघितला तर होतील असंच वाटतं. डोळ्यांपुढे एक काटकोन आण. उत्तरेच्या डोंगररांगेच्या पायथ्यानं एक बाजू पूर्व-पश्चिम जाते: पश्चिम टोकाला राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, पूर्व टोकाला अरीमा, मध्ये साधारण २५ किलोमीटर सलग वस्ती. दुसरी बाजू दक्षिणेला उतरते: वाटेत शग्वानास आणि पुढे सॅन फर्नांडो. राजधानीपासून सॅन फर्नांडो ५५ किलोमीटरच्या आसपास. सेंट ऑगस्टीन या दोन बाजूंच्या सांध्याजवळ आहे, त्यामुळे चारही गावांना इथून निघणं सोयीचं. (शग्वानासच्या पाटीवरचं स्पेलिंग वाचून कुणीही ‘चागुआनास’ म्हणेल. रस्ता विचारताना ‘शग्वानास’ म्हणा, नाहीतर समोरचा गोंधळतो.)

पण इथली अंतरं घड्याळात मोजावी लागतात. पहाटे पाचपासून सगळं बेट पोर्ट ऑफ स्पेनकडे निघतं आणि दुपारी तीननंतर तेच सगळं परत फिरतं. हमरस्ते दोनच. पूर्व-पश्चिम चर्चिल-रूझवेल्ट हायवे, जो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं आपल्या तळासाठी बांधला, आणि दक्षिणेला जाणारा युराया बटलर हायवे, जो पुढे सॉलोमन होचॉय हायवे होतो. सकाळी सात वाजता या रस्त्यांवर राजधानीच्या दिशेनं बारा किलोमीटरला तास-दीड तास सहज जातो, आणि त्याच वेळी समोरची बाजू मोकळी असते. म्हणून इथे फिरायचा नियम एकच: गर्दीच्या उलट्या दिशेनं जायचं. सकाळी दक्षिणेला किंवा पूर्वेला निघायचं आणि दुपारी परतायचं. राजधानीला जायचं तर नऊनंतर. आणि एका दिवशी एकच गाव. दोन गावं एका दिवसात कोंबली की दोन्हीकडचा चांगला वेळ रस्त्यावरच संपतो.

भाड्याची गाडी नको असं आमचं स्पष्ट मत आहे. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आंतरराष्ट्रीय परवाना काढलास तर चालवताही येईल. पण राजधानीत गाडी लावायला जागा मिळत नाही, चुकीच्या जागी लावली तर उचलून नेतात आणि मग सोडवून आणण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय जो रस्ता सर्वांत वेगवान आहे, त्यावर खासगी गाडीला बंदी आहे.

तो रस्ता म्हणजे प्रायॉरिटी बस रूट. त्रिनिदादची रेल्वे १९६८ साली बंद झाली. तिच्या जुन्या मार्गावर पोर्ट ऑफ स्पेन ते अरीमा असा वेगळा रस्ता केला. त्यावर फक्त बस, मॅक्सी आणि रुग्णवाहिकेसारख्या गाड्या जातात. हायवे तुंबलेला असतानाही मॅक्सी त्यावरून अर्ध्या तासात राजधानीत पोचते.

मॅक्सी म्हणजे पांढरी मिनी बस, बारा किंवा पंचवीस जणांची, अंगावर रंगीत पट्टा. कुठल्या भागाची गाडी ते पट्ट्यावरून कळतं. लाल पट्टा पूर्वेचा: राजधानी, सान वॉन, क्युरेप, ट्यूनापूना, अरीमा. हिरवा दक्षिणेचा: शग्वानास आणि सॅन फर्नांडो. पिवळा राजधानीच्या पश्चिमेचा. तपकिरी सॅन फर्नांडोच्या पुढे दक्षिणेला जातो आणि काळा प्रिन्सेस टाउनकडे. तुमचं काम लाल आणि हिरव्यावर भागेल. फक्त लाल पट्ट्यात एक मेख आहे. काही गाड्या बस रूटनं जातात, काही ईस्टर्न मेन रोडनं. बस रूटवाली ठरलेल्या थांब्यांवरच थांबते आणि भराभर जाते. मेन रोडवाली हात दाखवाल तिथे थांबते आणि बाजारातून रखडत जाते. दोन्हींवर पट्टा सारखाच, म्हणून चढण्याआधी ‘बस रूट?’ एवढंच विचारा. राजधानीला जाताना बस रूटवाली घ्या. येताना मधली गावं बघायची असतील आणि घाई नसेल तर मेन रोडवाली जास्त चांगली.

उतरायचं असेल तर खिडकीच्या वरच्या बाजूला बटण असतं, थांब्याच्या थोडं आधी दाबा. पैसे बहुतेक वेळा उतरताना चालकाला देतात. अंतराप्रमाणे भाडं साधारण पाच ते वीस टीटी डॉलर, म्हणजे इथले त्रिनिदाद-टोबॅगोचे डॉलर. शंभराची नोट काढली तर चालक वैतागतो, कारण त्याच्याकडे सुटे नसतात. रोज सकाळी पाच, दहा आणि वीसच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. पाचाची हिरवी, दहाची करडी, वीसची जांभळी, शंभराची निळी. आईलाही रंगावरून ओळखता येतील. सरकारी बसचं तिकीट मात्र गाडीत मिळत नाही, आधी स्थानकावर काढावं लागतं.

मॅक्सी जिथे जात नाही तिथे रूट टॅक्सी. ही म्हणजे आपलं वडापच. साधी मोटार, चार प्रवासी, ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं, आणि भरल्याशिवाय हलायची नाही. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे देऊन निघायला सांगता येतं. नंबरप्लेट बघून बसायचं: पहिलं अक्षर ‘एच’ असेल तर ती परवानाधारक भाड्याची गाडी. ‘पी’ म्हणजे खासगी. खासगी गाड्याही सर्रास प्रवासी घेतात, इथले लोक बसतातही, पण तुम्ही बसू नका. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो आणि चालक कोण हेही माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. मॅक्सीत, टॅक्सीत, दुकानात, डॉक्टरच्या खोलीत, कुठेही शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. दुपारी ‘गुड आफ्टरनून’. अंधार पडल्यावर शिरतानासुद्धा ‘गुड नाइट’ म्हणतात. तो इथे निरोप नाही, नमस्कार आहे. न बोलता बसणारा माणूस उद्धट समजला जातो. बोललात की सगळी गाडी उत्तर देते आणि मग पत्ता विचारला तर चार जण मिळून सांगतात.

पहिला दिवस झोपेचा जाईल, कारण आपलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे आहे. त्या दिवशी दुपारनंतर फक्त माउंट सेंट बेनेडिक्टवर जाऊ. हा बेनेडिक्टाइन साधूंचा मठ १९१२ पासून सेंट ऑगस्टीन-ट्यूनापूनाच्या वरच्या डोंगरावर आहे. चढ उभा आहे, म्हणून टॅक्सीनंच जायचं. तिथून सगळं कारोनीचं मैदान एका नजरेत येतं: उजवीकडे राजधानी आणि समुद्र, डावीकडे अरीमाची बाजू, समोर दक्षिणेचा सपाट मुलूख. आधी हे बघितलं की पुढचे चार दिवस आपण कुठे चाललोय ते मनात पक्कं राहतं.

पोर्ट ऑफ स्पेनसाठी पूर्ण दिवस ठेवला आहे. आधी सॅव्हाना, मग शहर, असा क्रम. क्वीन्स पार्क सॅव्हाना हे सुमारे २६० एकरांचं मोकळं मैदान, भोवतीचा रस्ता साडेतीन किलोमीटरच्या वर आणि एकेरी. त्याच्या पश्चिमेच्या कडेला सात जुन्या इमारती ओळीनं उभ्या आहेत, त्यांना इथे ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणतात. दक्षिणेकडून क्वीन्स रॉयल कॉलेज, हेज कोर्ट, मील फ्लर, रूमॉर, आर्चबिशपचं निवासस्थान, व्हाइटहॉल आणि शेवटी किल्ल्यासारखी दिसणारी स्टॉलमायरची वास्तू. बहुतेक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोकोच्या चलतीच्या काळात उभ्या राहिल्या. सगळ्यांची तोंडं पूर्वेला आहेत, म्हणून ऊन सकाळीच त्यांच्यावर पडतं. दुपारनंतर गेलात तर समोरची बाजू सावलीत आणि सूर्य डोळ्यांत. बघायच्या त्या मैदानाच्या बाजूनं, झाडांखालून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. आत बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत आणि खरं तर गरजही पडत नाही. पुढे उत्तरेला १८१८ सालचं वनस्पती उद्यान आहे, प्रवेश फुकट. आईला तिथल्या बाकांवर विसावा घेता येईल. मैदानाच्या कडेला शहाळ्यांच्या गाड्या लागतात. पाणी पिऊन झाल्यावर ‘जेली’ म्हणा, म्हणजे विक्रेता शहाळं फोडून मलई काढून देतो.

शहराच्या जुन्या भागात वुडफर्ड स्क्वेअर आणि त्याच्यासमोर रेड हाउस, म्हणजे संसद. आधीची इमारत १९०३ च्या पाणीपट्टीच्या दंगलीत जळली, आजची १९०७ सालची. १९९० मध्ये सशस्त्र बंडखोरांनी इथेच खासदारांना ओलीस धरलं होतं. दुरुस्तीसाठी अनेक वर्षं रिकामी राहिल्यावर २०२० मध्ये संसद इथे परतली. तिथून फ्रेडरिक स्ट्रीटनं खाली उतरलं की कापडाची दुकानं लागतात, आणि समांतर शार्लट स्ट्रीटवर भाजीपाला, फळं, मसाले. वहिनी, भाजी बघायची तर शार्लट स्ट्रीटच बघा.

दादा, तुझ्यासाठी ट्रागरीट रोडवरचं क्वीन्स पार्क ओव्हल आहेच. सॅव्हानापासून वीसेक मिनिटांची चाल. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. दिलीप सरदेसाईंचे ११२, आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. त्याच दौऱ्यातली शेवटची कसोटी पुन्हा इथेच, गावसकरांच्या १२४ आणि २२०. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य ४ बाद ४०६ करून गाठलं तेही इथेच. सामना नसेल तर फाटकावर जाऊन नम्रपणे विचारायचं, भारतातून आलोय आणि १९७१ साठी आलोय असं सांगायचं. इथल्या जुन्या माणसांना गावसकर हे नाव अजून पाठ आहे. उत्तरेकडच्या हिरव्या डोंगरांची पार्श्वभूमी तेवढी बघून घे, टीव्हीवर ती कधीच पुरती येत नाही.

परतीची मॅक्सी सिटी गेटहून. ही साउथ की रस्त्यावरची जुनी रेल्वे स्टेशनची इमारत. लाल आणि हिरव्या पट्ट्यांच्या रांगा वेगळ्या असतात, रांगेच्या शेवटी उभं राहण्याआधी ‘अरीमा?’ किंवा ‘सॅन फर्नांडो?’ विचारून खात्री करा. दोन वाजेपर्यंत तिथे पोचायचं. चारनंतर रांग बाहेरपर्यंत येते, आणि जोराचा पाऊस झाला तर त्या भागात गुडघाभर पाणी साचतं, कारण शहराचा हा भाग समुद्र भरून तयार केलेला, अगदी सखल आहे.

शग्वानासचा दिवस आईचा. सेंट ऑगस्टीनशेजारच्या क्युरेपहून मॅक्सी किंवा रूट टॅक्सीनं जायचं आणि तिथून पुढे एक टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवायची, कारण बघण्याची ठिकाणं गावाबाहेर पसरलेली आहेत. निघण्याआधी किती ठिकाणं, किती वेळ थांबणार आणि एकूण किती पैसे, आणि ते टीटी डॉलर की अमेरिकन, हे चारही बोलून घ्यायचं. नुसतं ‘डॉलर’ म्हटलं की नंतर वाद होतात.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची, पहिली तुकडी इथे उतरली. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. त्यांची वस्ती उसाच्या मळ्यांवर, म्हणजे याच मध्य भागात. आज त्यांचे वंशज इंग्रजीच बोलतात, हिंदीत बोलायला गेलात तर हसून मान हलवतील. पण नात्यांचे शब्द टिकलेत. बापाच्या आईला इथेही ‘आजी’च म्हणतात. दारापुढे बांबूवर लाल-पिवळी निशाणं दिसतील, त्यांना झंडी म्हणतात. घरात पूजा झाली की ती उभारतात आणि जीर्ण होऊन पडेपर्यंत काढत नाहीत.

कारापिचाइमाला दत्तात्रेयाचं देऊळ आहे, दाक्षिणात्य धाटणीचं, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं. आवारात ८५ फुटांची हनुमानाची मूर्ती, २००३ मध्ये उभारलेली. नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला जाणाऱ्या आईला साता समुद्रापलीकडे दत्ताचं दर्शन होईल, याचा आम्हाला सर्वांत जास्त आनंद आहे. अर्धी चड्डी किंवा बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. फरशी दहानंतर भाजते, म्हणून हे देऊळ सकाळी पहिलं.

तिथून वॉटरलू, समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाच्या गिरमिटियाच्या मुलानं १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली, १९५२ मध्ये देऊळ पाडलं आणि त्यालाच तुरुंगात घातलं. बाहेर आल्यावर त्यानं ठरवलं की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. सायकलवरून दगड, सिमेंट, खडी नेऊन पाण्यात भर टाकत टाकत वर्षानुवर्षं एकट्यानं जागा तयार केली आणि तिथे देऊळ उभं केलं. आजची वास्तू १९९५ सालची. बांधावरून चालत जाता येतं. इथे भरती बघून जायचं. ओहोटीला भोवती नुसता चिखल असतो, पक्षी भरपूर दिसतात पण ‘समुद्रातलं देऊळ’ दिसत नाही. शेजारी उघड्यावरची स्मशानभूमी आहे. धूर दिसला तर त्या बाजूला कॅमेरा वळवू नका.

परत शग्वानासमध्ये मेन रोडवर लायन हाउस दिसेल. पंडित कपिलदेव यांनी १९२६ साली उत्तर भारतीय हवेलीच्या धर्तीवर बांधलेलं, पुढे सिंह. नोबेल मिळालेल्या कादंबरीकार नायपॉल यांचं हे आजोळ. घर खासगी आहे, समोरच्या फुटपाथवरूनच बघायचं. दक्षिणेला थोडं गेलं की मेन रोडलगत कुंभारांच्या भट्ट्या आहेत, दिवाळीचे दिवे अजून तिथेच चाकावर होतात. आणि दादा, वाटेत जी पडीक हिरवी रानं दिसतील, ती उसाची होती. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली. आपल्या भागातला माणूस तो मुलूख बघून काय समजायचं ते समजतो.

त्याच दिवशी परतताना कारोनीच्या खाडीत होडीनं जाता येतं. होड्या चारच्या सुमारास सुटतात, आधी फोन करून जागा धरावी लागते, फेरी अडीच तासांची, मध्ये स्वच्छतागृह नाही. अंगभर कपडे आणि डासांचं मलम हवंच. सूर्य उतरला की लाल शराटी पक्ष्यांचे थवे खारफुटीवर उतरतात. तो लाल रंग त्यांच्या खाण्यातल्या खेकड्या-कोळंब्यांमुळे येतो. आई दमली असेल तर हे वेगळ्या दिवशी.

सॅन फर्नांडो चढउताराचं गाव. आपल्याकडच्या सपाट गावांची सवय असलेल्यांना इथे पायऱ्या चढल्यासारखं वाटतं. म्हणून सुरुवात वर करायची. टॅक्सीला ‘लायब्ररी कॉर्नर’ सांगा. तिथून हॅरिस प्रॉमनाड हा झाडीचा लांबट चौक जवळजवळ सपाट आहे. गांधीजींचा पुतळा आणि जुन्या रेल्वेचं वाफेचं इंजिन तिथेच. मग हाय स्ट्रीटनं उतरत उतरत दुकानं बघत खाली किंग्ज वॉर्फच्या मासळी बाजारापर्यंत. परत वर यायला टॅक्सी. गावाच्या मधोमध सॅन फर्नांडो हिल आहे, एका अंगानं खाणीनं खाल्लेली. वरपर्यंत गाडी जाते, आणि स्वच्छ हवेत पारियाच्या आखातापलीकडे व्हेनेझुएलाचे डोंगर दिसतात. राजधानी ते सॅन फर्नांडो वॉटर टॅक्सी, म्हणजे प्रवासी बोटही चालते, राइटसन रोडच्या धक्क्यावरून, पाऊण तासाच्या आसपास. रस्त्यापेक्षा सुखाची, पण फेऱ्या नोकरदारांच्या वेळेच्या आणि मुख्यतः सोमवार ते शुक्रवार, म्हणून वेळ आदल्या दिवशी बघायची. एका बाजूनं हिरवा पट्टा, दुसऱ्या बाजूनं ही बोट असं जमलं तर उत्तम.

अरीमाला अर्धा दिवस पुरे. शनिवारी सकाळी जा, बाजार तेव्हाच भरतो. गावाला १८८८ साली राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. चौकातलं ‘डायल’ हे घड्याळ १८९८ चं, सगळ्या गाड्या त्याच्या आसपास सुटतात. इथे बेटाच्या मूळ रहिवाशांचा समाज आहे, सांता रोसा या संत स्त्रीच्या नावानं ओळखला जाणारा. त्यांची कसाव्याची भाकरी बाजारात मिळाली तर घ्या. आई, तुझ्या उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, तोच हा कंद. कडू जातीच्या कंदात विष असतं. तो किसून वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरतात आणि नळी टांगून खाली ओढतात. ओढली की ती अरुंद होते, कीस पिळला जातो आणि विषारी रस गळून जातो. मग तो कीस तव्यावर भाजतात. साधं दिसतं, पण विणीचा तिरकेपणा नेमका नसेल तर नळी आवळतच नाही.

वहिनी, जेवणाची काळजी करू नका. सकाळी ‘डबल्स’ खायचे. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या ‘बारा’, त्यांवर पातळसर छोले. विक्रेता हातावर कागद धरतो, दोन्ही बारा अर्ध्या एकावर एक टाकतो, छोले, काकडी, चिंचेची चटणी, आंब्याचा कुचेला (कैरीच्या किसाचं लोणचं) घालतो आणि कागदाची टोकं पिळून देतो, सगळं पाच सेकंदांत. त्याआधी तो एकच शब्द विचारतो, ‘पेपर?’ तो मिरीबद्दल विचारत नसतो, मिरचीबद्दल विचारतो. लवंगीची सवय असली तरी पहिल्यांदा ‘स्लाइट’ म्हणा, ही मिरची उशिरा चढते आणि लवकर उतरत नाही. क्युरेपच्या चौकातले दहापर्यंत संपतात. दुपारी ‘दालपुरी’: आत भरडलेल्या डाळीचं कोरडं सारण, जिरं लावलेलं. पुरणपोळीचीच बहीण समजा, गुळाशिवाय. सोबत भोपळा, चवळीच्या शेंगा किंवा छोले-बटाटा सांगा. मांसाच्या भाजीतला डाव तुमच्या भाजीत येऊ नये म्हणून आधीच ‘व्हेज, क्लीन स्पून प्लीज’ म्हणा, कुणी वाईट मानत नाही. ‘चोका’ म्हणजे भरीत, ‘सहीना’ म्हणजे अळूवडीची बहीण. ‘कलालू’ हे अळूचं फदफदंच, नारळाच्या दुधातलं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका.

पैसे थोडे थोडेच बदला. एक टीटी डॉलर साधारण तेरा रुपयांचा, आणि उरलेले परत अमेरिकन डॉलरमध्ये करून मिळणं कठीण जातं. वीज ११५ व्होल्टची, चपट्या दोन पिनांची. मोबाइलचा चार्जर चालतो, पण आपल्याकडची किटली नीट तापणार नाही, ती ठेवूनच या. दादा, तुझी ती मिलिटरी छापाची टोपी आणू नकोस. तसे कपडे घालणं इथे गुन्हा आहे, विमानतळावरच काढून घेतात. वहिनी आणि आई, सोनं सांगलीतच ठेवा, मंगळसूत्रसुद्धा काळ्या मण्यांचं साधं. इथे लुटालूट होते हे लपवण्यात अर्थ नाही. राजधानीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत पायी शिरायचं नाही, आणि होडीची संध्याकाळ सोडली तर अंधाराच्या आत घरी. सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच मावळतो, कारण बेट जवळजवळ कोचीच्या अक्षांशावर आहे. रविवारी गाड्या कमी आणि दुकानं बंद, तो दिवस घरीच.

तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळवा. त्या आठवड्यातल्या भरतीच्या वेळा बघून वॉटरलूचा दिवस आधी धरू, बाकीची गावं त्याच्या पुढेमागे बसवता येतील.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
धाकटा